हळदीचा पिवळा आणि अपुरी फिल्म

१

वसमतच्या बाजारात हळद पारखणारा माणूस ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. वरच्या रंगावर त्याचा भरवसा नसतो. पॉलिशच्या ड्रममधून निघालेले कुठलेही हळकुंड चकचकीत दिसते. भाव ठरतो तो मोडलेल्या जागी दिसणाऱ्या रंगावर. रंगीत छायाचित्रांवर मराठीत जे लिहिले जाते त्यात ही मोडून पाहण्याची सवय मला फारशी आढळत नाही. रंग 'बोलके' असतात, 'जिवंत' असतात, फार तर 'गहिरे' असतात. ते कुठल्या थरांतून आले, कुणी ठरवले आणि येताना काय गाळून आले, हे विचारायचे राहून जाते. प्रस्तुत लेखात तो प्रश्न एका अपुऱ्या फिल्मच्या निमित्ताने विचारायचा आहे.

ही फिल्म म्हणजे फिनिक्स २००. इंग्लंडमधल्या मोबर्ली येथे इलफर्ड या नावाने कृष्णधवल फिल्म तयार करणाऱ्या हार्मन टेक्नॉलॉजी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपली पहिली रंगीत फिल्म बाजारात आणली. आधी ती ३५ मिलिमीटरमध्ये आली, पुढच्या वर्षी १२० रोलमध्ये. कंपनीने तिचे दोष लपवले नाहीत. ही प्रयोगावस्थेतली फिल्म आहे, दाणा जाड आहे, विरोध तीव्र आहे, लख्ख उजेडाभोवती लाल वलय उमटेल, हे सांगूनच ती विकली. जगभरातल्या हौशी छायाचित्रकारांनी हेच दोष डोक्यावर घेतले.

मी या विषयाचा पदवीधर नाही. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती (वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी) तेव्हा एका फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत ट्रे हलवण्याचे काम मी केले. तिथे जे शिकलो आणि पुढे मिळतील ती पुस्तके वाचून जे जुळवले, तेवढेच माझे भांडवल. त्या स्टुडिओत दोन भिंगांचा यशिका होता आणि त्यात १२० रोल बसत असे. कोडॅकने १९०१ मध्ये काढलेला हा आकार आजही टिकून आहे. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता त्यांना हा रोल आठवत असेल : एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. चौकटीची बाजू प्रत्यक्षात सुमारे ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा साडेतीन पटींहून जास्त. समीक्षकाच्या दृष्टीने याचा फायदा असा, की तेवढ्याच मापाची प्रिंट काढताना मोठ्या निगेटिव्हला कमी फुगवावे लागते, त्यामुळे दाण्यांचा गोंगाट कमी होतो आणि फिल्मचा रंगाबाबतचा स्वभाव वेगळा काढून पाहता येतो.

यंदा फेब्रुवारीत वसमत तालुक्यात एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावर हळद शिजवणी चालू असताना मी फिनिक्सचे दोन रोल वापरले. चोवीस चित्रे. त्यातले एक मित्रमंडळीत फिरले. शिजवणीच्या पिंपातून वाफेचा लोट उठलेला, त्यामागे सकाळचे ऊन, वाफेच्या कडेला तांबडी किनार, खाली ओल्या हळदीचा ढीग आणि पिंप उपसणारी एक बाई. नांदेडच्या मित्राने ते पाहून 'हे छायाचित्र वाटतच नाही, तैलचित्र वाटतं' असा अभिप्राय दिला. मी खूश होतो. मग प्रिंट घेऊन शेतावर गेलो आणि त्या मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरली, जवळ घेतली, पुन्हा लांब धरली.

"वाफ लई चांगली आली, भाऊ. पण ह्यात मी कुठं हाय?"

खरेच, त्या कुठे नव्हत्या. लुगड्याचा काठ होता, हातातला फावडा होता. चेहऱ्याच्या जागी एक काळा डाग होता. महिनाभर ते चित्र मी लोकांना दाखवत होतो आणि ही गोष्ट एकाच्याही लक्षात आली नव्हती. माझ्याही नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

२

आधी फिल्म मोडून पाहू. रंगीत निगेटिव्ह फिल्म म्हणजे एका पारदर्शक पट्टीवर चढवलेले अनेक पातळ थर. वरचा थर निळ्या प्रकाशाला जागा होतो, मधला हिरव्याला, सर्वांत खालचा लाल प्रकाशाला. निळ्याच्या थराखाली परंपरेने एक पिवळी गाळणी घातलेली असते. निळा प्रकाश खाली झिरपू नये म्हणून. धुलाईत वरच्या थरात पिवळे रंगद्रव्य तयार होते, मधल्यात किरमिजी, खालच्यात निळसर-हिरवे.

अडचण अशी, की ही रंगद्रव्ये शुद्ध नसतात. किरमिजी द्रव्याने फक्त हिरवा प्रकाश अडवायचा असतो, ते थोडा निळाही अडवते. निळसर-हिरव्याने फक्त लाल अडवायचा, ते थोडा हिरवा आणि थोडा निळाही गिळते. यावरचा उतारा कोडॅकमध्ये वेस्ली हॅन्सन यांनी १९४० च्या दशकात काढला. रंगद्रव्य ज्या रसायनांपासून तयार होते ती रसायनेच मुळात रंगीत करायची, म्हणजे जिथे रंगद्रव्य तयार होत नाही तिथे त्यांचा रंग शिल्लक राहतो आणि अशुद्धीची चूक सगळ्या चौकटीवर सारखी पसरते. सारखी पसरलेली चूक प्रिंट काढताना एकदम वजा करता येते. जुन्या निगेटिव्ह उजेडाला धरल्यावर त्या नारिंगी का दिसतात, याचे उत्तर हेच. लग्नाच्या अल्बमच्या मागच्या पाकिटातली ती नारिंगी पट्टी म्हणजे चुकीचा हिशेब ठेवण्याची पद्धत आहे.

फिनिक्समध्ये हा नारिंगी मास्क नाही. तिची निगेटिव्ह जांभळट दिसते. याचा परिणाम कुठल्या रंगावर सर्वांत आधी व्हावा? पिवळ्यावर. कारण हळद पिवळी दिसते ती निळा प्रकाश गिळून लाल आणि हिरवा परत फेकते म्हणून. त्यामुळे हळदीच्या जागी निगेटिव्हमध्ये किरमिजी आणि निळसर-हिरवे द्रव्य भरपूर तयार होते, आणि हीच दोन द्रव्ये अशुद्ध. ती नको तो निळा प्रकाश अडवतात, आणि निगेटिव्हमध्ये जो अडतो तो प्रिंटमध्ये भर घालतो. पिवळ्यात निळा मिसळला की तो मळतो. माझ्या चित्रांत सावलीतली हळद मळकट आली, उन्हातली केशरी; स्कॅन करणाऱ्याने मळ काढायला विरोध वाढवला की आणखी केशरी. मोडलेल्या हळकुंडाचा जो पिवळा इथल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या डोळ्यांत बसलेला असतो, तो चोवीसपैकी एकाही चित्रात नव्हता.

तांबड्या वलयाचे कारण वेगळे आहे. तीव्र प्रकाश सगळे थर पार करून पट्टीच्या मागच्या बाजूवर आपटतो आणि परत येतो. नेहमीच्या फिल्ममध्ये हा परतीचा प्रकाश पिऊन टाकणारा थर असतो. फिनिक्समध्ये तो बंदोबस्त पुरेसा नाही. परतणारा प्रकाश आधी भेटतो तो सर्वांत खालच्या थराला, म्हणजे लालाला. म्हणून वलय लाल. माझ्या मित्राला जे तैलचित्र वाटले ते या परतीच्या प्रकाशाचे काम होते.

आणि चेहरा? तीव्र विरोधाची फिल्म उजेड आणि सावली यांतले मोठे अंतर पेलू शकत नाही. मी प्रकाश मोजला तो वाफेसाठी. सावळ्या, घामाने भिजलेल्या, उन्हाकडे पाठ केलेल्या चेहऱ्याला त्या मोजमापात जागा उरली नाही.

३

अपुऱ्या रंगीत फिल्मचा प्रयोग मराठी माणसाला नवा नाही. त्याची मोठी कहाणी चित्रपटाची आहे. आपला विषय १२० रोलचा असला तरी इमल्शनचे कायदे दोन्हीकडे सारखेच असल्याने तिकडे वळणे गरजेचे आहे.

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये 'सैरंध्री' काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. कथा विराटाच्या राजवाड्यात दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीची. खाडिलकरांच्या 'कीचकवध'मुळे मराठी प्रेक्षकाला ती चांगली परिचित होती. हा बोलपट रंगीत करायचा असे ठरले. देशात रंगीत प्रिंट काढण्याची सोय नव्हती, म्हणून ते काम जर्मनीत करून घेतले गेले. शांताराम स्वतः तिकडे गेले. रंग मात्र मनासारखे उतरले नाहीत. भडक आणि विसंगत रंगांचा चित्रपट म्हणून 'सैरंध्री'ची नोंद झाली, आणि पहिला भारतीय रंगीत चित्रपट हा मान पुढे १९३७ च्या 'किसान कन्या'ला दिला जाऊ लागला, कारण त्याचे काम इथे झाले.

चित्रपटाच्या इतिहासांत 'सैरंध्री'चे अपयश तांत्रिक म्हणून एका ओळीत उरकले जाते. ती ओळही मोडून पाहू. वापरलेली पद्धत दोन रंगांची, बायपॅक. दोन फिल्मा एकमेकींना चिकटून कॅमेऱ्यातून जातात. पुढची निळा-हिरवा प्रकाश टिपते, मागची लाल. प्रिंटच्या एका बाजूला निळसर-हिरवी छटा चढते, दुसऱ्या बाजूला तांबूस-नारिंगी. या दोहोंच्या मिश्रणातून त्वचेचे काही रंग निघतात, विटा निघतात, संध्याकाळचे आकाश बऱ्यापैकी निघते. शुद्ध पिवळा निघत नाही. त्यासाठी लागणारे तिसरे द्रव्य पद्धतीतच नाही.

म्हणजे पीतांबर, हळद, झेंडू, सोने, केशराचे गंध यांपैकी कशालाही या पद्धतीत स्वतःचा रंग नव्हता. पौराणिक मराठी चित्रपटातून हे सारे वजा केले तर काय उरते? आणि 'सैरंध्री' या शब्दाचा अर्थच मुळी वेणीफणी, उटणी, शृंगार यांत निपुण असलेली दासी असा आहे. कारागिरांच्या हातून जर्मनीत काही चुकलेही असेल. पण त्यांनी सगळे अचूक केले असते तरी या कथेचे मुख्य रंग पडद्यावर आले नसते, हे पद्धतीवरूनच सांगता येते. माझ्या मते 'सैरंध्री'च्या बाबतीत प्रयोग फसला असे म्हणणे अर्धवट आहे. ज्या रंगसंसाराचा विचार करून ती पद्धत घडली होती, त्यात हा रंगसंसार धरलेलाच नव्हता.

शांतारामांनी रंगाचा नाद सोडला नाही. पण 'झनक झनक पायल बाजे' हा त्यांचा टेक्निकलरमधला चित्रपट आला तो १९५५ मध्ये, बावीस वर्षांनी. आणि 'नवरंग' १९५९ मध्ये. दोन रंगांच्या अनुभवानंतर नऊ रंगांचे नाव देणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल याचा तर्क प्रत्येकाने आपापला करावा.

४

याच्या उलट टोकाला उभे आहेत रघुवीर सिंह. १९९४ चे त्यांचे मुंबईवरचे पुस्तक आपल्याला जवळचे. आणि १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर' या संग्रहाला जोडलेला त्यांचा निबंध भारतीय छायाचित्रणाच्या चर्चेतला महत्त्वाचा मजकूर आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : छायाचित्रण आणि वसाहतवाद येण्यापूर्वी भारतीय कलावंत कधीच कृष्णधवलात पाहत नव्हता, पाश्चात्त्य आधुनिकतेचा विषाद कृष्णधवलात शोभतो, आपली दृष्टी मात्र मुळातच रंगाची आहे. ज्या काळात गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असे समीकरण होते त्या काळात त्यांनी हे कामातून दाखवले, आणि त्यांची चित्रे आजही डोळ्याला खिळवतात, याबद्दल दुमत नसावे.

पण हळकुंड इथेही मोडायला हवे. रघुवीर सिंह यांचे ज्या फिल्मवर मोठे काम झाले ती कोडाक्रोम. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडाउस्की या दोन संगीतज्ञांनी रॉचेस्टरमध्ये तिचा शोध पूर्ण केला आणि १९३५ मध्ये ती बाजारात आली. या फिल्ममध्ये रंगद्रव्य देणारी रसायने नसतात. धुलाईच्या वेळी ती एकेका थरात घातली जात. ते काम इतके किचकट होते, की मोजक्या प्रयोगशाळाच ते करत. तेव्हा ज्या लालाला आपण राजस्थानचा लाल म्हणतो आणि ज्या पिवळ्याला बनारसचा पिवळा म्हणतो, त्यात रॉचेस्टरच्या रसायनाचा वाटा किती, हा प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही. कोडाक्रोमचा लाल भारताबाहेरही तसाच खोल आणि जड दिसतो.

यावरून रघुवीर सिंह यांचा मुद्दा खोटा ठरतो असे मला म्हणायचे नाही. परक्या वीणेवर आपला राग वाजवता येतो. व्हायोलिन आपल्याकडे तसेच आले आणि इथले झाले. पण वाजवणाऱ्याने तारा कशा जुळवल्या हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. पूर्ण झालेल्या, घोटून गुळगुळीत केलेल्या फिल्मची गंमत हीच, की ती आपल्या तारा लपवते. तिचा निर्णय आपल्याला निसर्ग वाटतो. फिनिक्ससारखी अर्धी-कच्ची फिल्म तो लपवू शकत नाही. हळद केशरी दिसली की आपण ताबडतोब विचारतो : असे का? हाच प्रश्न कोडाक्रोमलाही विचारायला हवा होता हे तेव्हा सुचते.

५

निर्णय कुणाला समोर ठेवून घेतले गेले, याचा एक पुरावा छायाचित्रणाच्या इतिहासात नोंदलेला आहे. कोडॅक आपल्या प्रयोगशाळांना प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून या कार्डांना 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. शर्लीची त्वचा बरोबर उतरली, की यंत्र बरोबर. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिले. गडद छटा धड उतरत नाहीत ही तक्रार परिणामकारक ठरली, ती लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी केली तेव्हा, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. माणसांच्या तक्रारीला तेवढे वजन नव्हते. ऐंशीच्या दशकात कोडॅकने नव्या फिल्मची महती सांगताना मंद प्रकाशात काळ्या घोड्याचे बारकावे टिपण्याची भाषा वापरली. घोडा म्हणायचे आणि माणूस समजून घ्यायचा, असा तो प्रकार.

इथपर्यंत दोष रॉचेस्टरचा. पण अंधाऱ्या खोलीत काम केलेल्या माणसाला इथे थांबता येत नाही. आमच्या स्टुडिओत स्थळासाठी काढलेल्या मुलीच्या फोटोवर शिसपेन्सिल फिरत असे. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल हलक्या हाताने फिरवली, की तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळते. गालावरचे व्रण काढण्यासाठी शिकवलेली ही कला बहुतेक वेळा पूर्ण चेहऱ्यावर वापरली जाई. 'थोडी उजळ करा' हे सांगायला मुलीचे वडील स्वतः काउंटरवर येत. पुढे रंगीत लॅब आल्या तेव्हा पेन्सिल गेली आणि फिल्टरचे बटण आले. मी स्वतः कितीतरी चेहरे उजळ केले आहेत आणि त्याचे दोन रुपये जास्त घेतले आहेत.

शर्ली कार्ड आणि ही पेन्सिल यांची भेट आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये झाली. फिल्म सावळ्या त्वचेला न्याय देत नव्हती, आणि तो मिळावा अशी मागणीही आमच्या काउंटरवर कुणी केली नाही. मराठवाड्यातल्या घराघरांत आज जे जुने रंगीत फोटो आहेत त्यांत नवरी गुलाबी दिसते आणि मागे उभी असलेली मोलकरीण दिसतच नाही. या फोटोंना आपण आठवणी म्हणतो. त्यांच्यावर समीक्षा लिहिण्याची वेळ आता आली आहे असे मला वाटते.

६

मग फिल्मच्या उणिवेला कलेत जागा नाहीच का? आहे, आणि त्याचे चांगले उदाहरण मध्यम आकाराच्या छायाचित्रणातच आहे. दयानिता सिंग या हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर चौकोनी कृष्णधवल चित्रांसाठी ओळखल्या जात. २००९ मध्ये श्टाइडल या जर्मन प्रकाशनाने त्यांचे 'ब्लू बुक' काढले. त्यातली चित्रे रंगीत आहेत, आणि जवळजवळ सर्व निळी. दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेली फिल्म सुमारे ५५०० केल्विनच्या प्रकाशाला पांढरे समजते. सूर्य मावळल्यावर उरतो तो आकाशाचा निळा उजेड. माणसाचा डोळा स्वतःला सावरून घेतो, फिल्म सावरत नाही. ती जे आहे ते निळे नोंदवते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही चूक आहे आणि तिच्यावर गाळणी लावण्याचा उपायही पाठ्यपुस्तकात आहे. दयानिता सिंग यांनी तो उपाय नाकारला.

इथे फिल्मची उणीव अर्थपूर्ण होते, कारण त्या चित्रांचा विषय औद्योगिक परिसर आहे : कारखाने, नळ, टाक्या, रिकामे आवार. काम संपल्यानंतरची वेळ आणि काम संपल्यानंतरचा रंग यांचा मेळ बसतो. निळ्याने तिथे कुणाचा चेहरा पुसला नाही. शिवाय हा निळा एका चित्रापुरता चमत्कार म्हणून आलेला नाही. पुस्तकभर तो टिकवून धरला आहे, म्हणून वाचक त्याला योगायोग समजत नाही.

यावरून एक कसोटी काढता येईल. फिल्मची उणीव चित्रात शिरली की दोन गोष्टी पाहाव्यात. ती विषयाबद्दल काही सांगते की फक्त फिल्मबद्दल? आणि तिची किंमत कोण मोजते? माझ्या वाफेच्या चित्राला ही कसोटी लावली. तांबडे वलय हळद शिजवणीबद्दल काहीच सांगत नाही. कुठल्याही पिंपामागे ऊन असते तर ते उमटले असते. पिंपात डांबर असते तरीही. किंमत मोजली ती त्या मावशींनी, पहाटे चारपासून पिंपाशी उभ्या राहून, स्वतःच्या चित्रातून नाहीशा होऊन. 'तैलचित्र' हा शब्द म्हणजे त्या किमतीवर टाकलेली चादर होती.

प्रयोगावस्थेतल्या फिल्मबद्दल आज जे कौतुक चालते त्यातला मोठा भाग याच जातीचा आहे. संगणकाने दिलेल्या निर्दोष रंगाला कंटाळलेल्या माणसाला दोष हवाहवासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे, मलाही वाटतो. पण दोषाला खरेपणा समजणे हा जुनाच घोटाळा नव्या कपड्यांत आला आहे. पूर्ण फिल्म म्हणत होती, 'मी दाखवते तोच निसर्ग.' अपुऱ्या फिल्मचे भक्त म्हणतात, 'हा दोष हीच प्रामाणिकता.' दोन्हीकडे चित्रातल्या माणसाला विचारलेले नाही.

हार्मनच्या बाबतीत एवढे नमूद केले पाहिजे, की त्यांनी या उणिवेला शाश्वत सौंदर्य म्हटले नाही. पहिल्या फिल्मच्या विक्रीतून पुढचे संशोधन करू असे ते म्हणाले होते आणि जुलै २०२५ मध्ये सुधारलेली फिनिक्स दोन आणली. कारखाना आपल्या मालाला अपुरा म्हणतो आणि ग्राहक त्याच अपुरेपणाची आरती करतो, असे हे उलटे दृश्य आहे.

७

मार्चअखेर मी उरलेला एक रोल घेऊन पुन्हा त्याच शेतावर गेलो. शिजवणी संपत आली होती. जेठे गड्डे वेगळे काढून झाले होते, हळकुंडे ताडपत्रीवर वाळत होती. या वेळी काही गोष्टी बदलल्या. प्रकाश मोजला तो चेहऱ्याजवळ मीटर धरून. फिल्मची गती डब्यावर २०० लिहिली होती, मी ती १०० धरली, म्हणजे सावलीला दुप्पट उजेड मिळाला. फिल्म अंतर पेलत नाही, तर अंतरच कमी करावे म्हणून घरातली पांढरी चादर मागितली आणि मावशींच्या नातवाला ती समोर धरून उभे केले. चादरीवरचे ऊन चेहऱ्यावर परतले. वाफ पूर्ण पांढरी होणार, तिच्यातला एकही पदर उरणार नाही, हे आधीच माहीत होते. ते मान्य केले.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात छायाचित्रकाराला मान खाली घालून काचेत पाहावे लागते. समोरच्या माणसाला कॅमेऱ्यामागे लपलेला डोळा दिसत नाही, खाली वाकलेले डोके दिसते. काचेतले चित्र डावे-उजवे उलटे असते, त्यामुळे घाई करता येत नाही. बारा चौकटींपैकी सात मावशींवर खर्च केल्या.

रोल कुरिअरने गेला, धुऊन आला. चेहरा आला होता : कपाळावरचे गोंदण, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, गालावर उडालेला हळदीचा शिंतोडा. वाफेचा भाग कोऱ्या कागदासारखा पांढरा, भोवती तांबडी रेघ. नांदेडच्या मित्राला हे चित्र पाठवले. 'आधीचं जास्त चांगलं होतं,' असे त्याने कळवले. चित्र म्हणून पाहिले तर त्याचे म्हणणे चूक नाही, आणि मी ते इथे नोंदवतो आहे ते वाद मिटवण्यासाठी नव्हे. कुठले चित्र चांगले, हा प्रश्न आमच्या दोघांत अजून उघडा आहे. माझ्याकडून उत्तर एवढेच, की पहिले चित्र मी आता कुणाला दाखवताना त्यात एक बाई होती हे आधी सांगतो.

दुसरी प्रिंट मावशींना नेऊन दिली. या वेळी उन्हाकडे धरावी लागली नाही. त्यांनी आधी स्वतःला पाहिले, मग नातवाची चादर चित्रात कुठे दिसते का ते पाहिले, आणि मग नजर खालच्या ढिगावर आली.

"आता हाय मी," त्या म्हणाल्या. "पण हळद लाल दिसायली, भाऊ. हा फोटो व्यापाऱ्याला दाखवू नका. भाव पाडंल."